समाजकार्याची पदवी : सेवेपासून शास्त्रापर्यंत

मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम संकोचच वाटला. प्रस्तुत लेखक हा प्राथमिक शाळेत आयुष्य घालविलेला, जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला एक सेवानिवृत्त शिक्षक. महाविद्यालयाची पायरी त्याने विद्यार्थी म्हणून कधी चढली नाही. अशा माणसाने पदवीच्या अभ्यासक्रमाविषयी लिहावे, हे वाचकांस थोडे धाडसाचे वाटेल. परंतु दोन वर्षांपूर्वी नंदनवनातील आमच्या घरी एक प्रश्न चालून आला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता जो इतिहास हाती लागला, तो आपल्या समाजबंधुभगिनींसमोर ठेवणे मला कर्तव्य वाटते.

जून महिन्यातील ती सायंकाळ होती. आपल्याच समाजातील एक गृहस्थ आपल्या कन्येस घेऊन आले. मुलगी बारावीची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली होती. गृहस्थांचा चेहरा मात्र पेढे वाटणाऱ्याचा नव्हता. ते म्हणाले, "गुरुजी, पोरगी बी.एस.डब्ल्यू. करतो म्हणते. लोकांची सेवा करायला पदवी कशाला लागते? तुम्ही मंडळासाठी चाळीस वर्षे झिजले, तुम्ही कोणती पदवी घेतली?"

प्रश्नातील स्तुतीने मी क्षणभर सुखावलो. परंतु उत्तर काही सुचेना. "दोन दिवसांनी या," एवढेच मी बोललो. पित्याची शंका चुकीची नव्हती. सेवा ही अंतःकरणातून येते, ती पुस्तकातून कशी येईल, असे आपल्यापैकी बहुतेकांस वाटते. मलाही वाटत होते. संतांनी सेवा शिकविली ती कोणत्या विद्यापीठात? गाडगे महाराजांनी हाती खराटा घेतला तो कोणते प्रमाणपत्र मिळवून? हा युक्तिवाद बलवान आहे. तथापि आपल्या विदर्भाचा इतिहास थोडा बारकाईने पाहिला, तर त्याची दुसरी बाजूही दिसू लागते.

नागपुरात मातृसेवा संघाचे नाव ठाऊक नाही असे घर विरळा. कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने या दोघींनी १९२१ मध्ये या संस्थेचा पाया घातला. कमलाताईंच्या वाट्यास लहान वयात वैधव्य आले होते. त्या काळी बाळंतपण म्हणजे स्त्रीचा दुसरा जन्म असे म्हणत आणि पुष्कळदा तो जन्म लाभतही नसे. अंधाऱ्या खोलीत, अस्वच्छ हातांनी होणाऱ्या त्या प्रसूती पाहून अनेकांस हळहळ वाटली असेल. कमलाताई हळहळून थांबल्या नाहीत. त्यांनी आधी परिचारिकेचे रीतसर शिक्षण घेतले आणि मग प्रसूतिगृह उघडले. १९६१ मध्ये भारत सरकारने त्यांस पद्मश्री देऊन गौरविले. परंतु त्यांच्या थोरवीचे बीज त्या आधीच्या शिक्षणात आहे, हे आपण सहसा सांगत नाही.

दुसरे उदाहरण वरोऱ्याचे. बाबा आमटे हे वकील. एका कुष्ठरोग्याची दारुण अवस्था पाहून ते प्रथम घाबरले आणि त्या भयाची लाज वाटून त्यांचे जीवन पालटले, ही कथा सर्वश्रुत आहे. पण पुढचा भाग कमी लोक सांगतात. मनात करुणा उत्पन्न झाल्यावर बाबा कलकत्त्यास गेले आणि तेथील स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्यांनी कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना झाली आणि १९५१ मध्ये ओसाड माळावर आनंदवन उभे राहिले. तेथे रोग्यास केवळ अन्न मिळाले नाही. काम मिळाले, घर मिळाले, मताला किंमत मिळाली. दान घेणारा हात कमावता झाला.

या दोन उदाहरणांवरून एवढे निश्चित दिसते की, आपल्याच भूमीतील थोर सेवकांनी अंतःकरण आणि शिक्षण यांत विरोध मानला नाही. गाडगे महाराजांसारखा पुरुष शतकातून एखादा जन्मतो; त्यास विद्यापीठाची गरज नसते. शाळा काढावी लागते ती तुमच्या आमच्यासारख्या सामान्य माणसांसाठी.

आता ही शाळा कोठून आली ते पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडन, न्यूयॉर्क, शिकागो अशा शहरांत कारखान्यांभोवती दाट, दरिद्री वस्त्या वाढल्या. धनिक लोक तेथे ब्लँकेटे आणि शिधा वाटीत. तरी दारिद्र्य हटत नसे. तेव्हा काही सुशिक्षित मंडळींनी निराळा विचार केला. १८८४ मध्ये लंडनच्या पूर्व भागात टॉयन्बी हॉल आणि १८८९ मध्ये शिकागोस हल हाऊस सुरू झाले. गरिबांच्या वस्तीतच राहावयाचे, शेजारी म्हणून त्यांचे जीवन समजून घ्यावयाचे आणि मग त्यांच्यासह उपाय शोधावयाचा, ही त्यामागील कल्पना. हल हाऊसच्या जेन ॲडम्स यांस पुढे १९३१ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. न्यूयॉर्कमध्ये १८९८ साली अशा कार्यकर्त्यांसाठी उन्हाळी वर्ग भरला. समाजकार्याच्या शिक्षणाचा उगम अशा वर्गांत आहे.

आपल्याकडेही भूमी तयार होत होती. नामदार गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याची सेवासदन संस्था उभी राहिली. १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. देशसेवा हे पूर्ण वेळचे, शिस्तीचे काम आहे, हा विचार या मंडळींनी रुजविला. तथापि त्या कामाचे पद्धतशीर शिक्षण देणारी पदवीधरांची शाळा अजून नव्हती.

ती निघाली १९३६ मध्ये, मुंबईत. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे एक अमेरिकन गृहस्थ १९२५ साली मुंबईस आले होते. नागपाड्याच्या गर्दीच्या वस्तीत त्यांनी शेजारगृहाचे काम उभारले. काम करताना त्यांच्या ध्यानी आले की, उत्साही माणसे मिळतात, परंतु शिकलेली माणसे मिळत नाहीत. सर दोराबजी टाटा यांच्या विश्वस्त निधीने साहाय्य केले आणि 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' सुरू झाले. समाजकार्याचे असे व्यावसायिक शिक्षण देणारी ही देशातील पहिली संस्था. १९४१ मध्ये डॉ. जे. एम. कुमारप्पा तिचे संचालक झाले. १९४४ मध्ये तिला टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले, १९५४ मध्ये ती देवनारच्या आवारात गेली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

येथे नागपूरकरांस अभिमान वाटावा असा एक धागा आहे. दोराबजींचे वडील जमशेटजी टाटा यांनी आपली प्रसिद्ध एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली ती मुंबईत नव्हे, आपल्या नागपुरात. ज्या घराण्याच्या संपत्तीतून ती पहिली शाळा निघाली, त्या संपत्तीच्या उभारणीत नागपूरच्या विणकरांच्या व गिरणी कामगारांच्या घामाचाही वाटा होता. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबांनी त्या गिरणीचा भोंगा ऐकून घड्याळ लावले असेल. ती गिरणी २००२ मध्ये बंद पडली. तो भोंगा आता केवळ स्मरणात उरला आहे.

स्वातंत्र्यानंतर या शिक्षणाची गरज कायद्यानेही निर्माण केली. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने पाचशे अथवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे आवश्यक ठरविले. १९५८ मध्ये अपराध्यांस तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सुधारण्याची संधी देणारा परिविक्षेचा कायदा झाला आणि परिविक्षा अधिकाऱ्यांची गरज वाढली. महाराष्ट्रात संस्थाही निघत गेल्या. १९५५ मध्ये मुंबईस निर्मला निकेतन, १९६३ मध्ये पुण्यास कर्वे समाजसेवा संस्था. या दोहोंच्या दरम्यान, १९५८ मध्ये, नागपुरात मातृसेवा संघाने आपले समाजकार्य महाविद्यालय सुरू केले. प्रसूतिगृहापासून निघालेला सेवेचा प्रवाह अशा रीतीने महाविद्यालयापर्यंत येऊन पोहोचला. पुढे शहरात आणि विदर्भाच्या इतर जिल्ह्यांतही अशी महाविद्यालये निघाली. बारावीनंतर थेट समाजकार्याची पदवी घेण्याची सोय झाली आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या, साध्या घरांतील मुलामुलींस हे दार उघडले.

हा इतिहास मी त्या गृहस्थांस सांगितला असता, तर त्यांनी मान डोलावली असती आणि शंका तशीच उरली असती. म्हणून मी त्यांना स्वतःची एक चूक सांगितली. तीच येथे लिहितो.

१९९४ च्या सुमाराची गोष्ट. माझ्या वर्गात जवळच्या झोपडपट्टीतील एक मुलगा होता. बुद्धीने तल्लख, परंतु आठवड्यातून तीन दिवस गैरहजर. तो आपल्या समाजाचा नव्हता. प्रथम मी रागावलो, मग छडी वापरली. मग मला दया आली व मी स्वतःच्या पैशांनी त्यास वह्या व पेन्सिली घेऊन दिल्या. त्या दिवशी मला फार समाधान वाटले. मुलगा दोन दिवस आला व पुन्हा येईनासा झाला. 'यांना कितीही द्या, व्यर्थ आहे', असे मी शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने बोललो आणि पटावरून त्याचे नाव कमी करण्याची तयारी केली.

त्या वर्षी समाजकार्याच्या वर्गातील एक विद्यार्थिनी क्षेत्रकार्यासाठी आठवड्यातून दोन दिवस आमच्या शाळेत येत असे. तिने विचारले, "गुरुजी, नाव काढण्याआधी मी एकदा त्याच्या घरी जाऊन येऊ का?" मी थोड्या उपहासानेच परवानगी दिली. ती एकदा नव्हे, चार वेळा गेली. मुलाची आई पहाटे धुणीभांडी करावयास बाहेर पडे. घरी दोन वर्षांची बहीण. तिला सांभाळावयास दुसरे कोणी नाही, म्हणून मुलगा घरी राही. माझ्या वह्या घरात जपून ठेवलेल्या होत्या. मुलास वह्या नको होत्या. सकाळचे चार तास हवे होते.

त्या विद्यार्थिनीने आईस पैसे दिले नाहीत की उपदेश केला नाही. तिने शेजारच्या दोन बायांना बोलते केले. त्यांच्याही घरी हीच अडचण होती. तिघींनी मिळून एक व्यवस्था ठरविली : ज्या बाईचे काम दुपारचे, तिने सकाळी मुले सांभाळावयाची आणि उरलेल्या दोघींनी तिची मुले दुपारी. पंधरा दिवसांनी तो मुलगा वर्गात नियमित बसू लागला. मी सोळा वर्षे शिक्षक होतो आणि त्या मुलाच्या घरी एकदाही गेलो नव्हतो. ती विद्यार्थिनी एकोणीस वर्षांची होती. तिचे अंतःकरण माझ्याहून मोठे होते असे मी म्हणणार नाही. परंतु ती आधी विचारावयास शिकली होती आणि मी आधी द्यावयास शिकलो होतो.

हाच त्या पदवीचा सारांश आहे. या अभ्यासक्रमात समाजशास्त्र, मानसशास्त्र, अर्थकारण, कायदे असे विषय असतात. परंतु त्याचा कणा म्हणजे समाजकार्याच्या सहा पद्धती. एका व्यक्तीस वा कुटुंबास तिची अडचण समजून घेऊन साहाय्य करणे, हे व्यक्तिसहयोग कार्य. समान अडचणीच्या लोकांस एकत्र आणून परस्परांचा आधार निर्माण करणे, हे गटकार्य. वर सांगितलेल्या तीन माता हे त्याचे उदाहरण. संपूर्ण वस्तीने आपला प्रश्न आपण ओळखून सोडवावा यासाठी झटणे, ते समुदाय संघटन. नळ आणून देणे हे पुढाऱ्याचे काम. वस्तीने स्वतः महानगरपालिकेकडे अर्ज करावा, पाठपुरावा करावा, इतके तिला समर्थ करणे हे समाजकार्यकर्त्याचे काम. याशिवाय समाजकल्याण प्रशासन, समाजकार्य संशोधन आणि अन्यायाविरुद्ध संघटितपणे उभे राहण्याची सामाजिक क्रिया, अशा एकूण सहा. यातील कोणतीही पद्धत केवळ वर्गात बसून येत नाही. म्हणून दर आठवड्यास ठराविक दिवस वस्ती, रुग्णालय, शाळा, बालगृह अशा ठिकाणी जावे लागते. प्रत्येक भेटीचा अहवाल लिहावा लागतो आणि शिक्षकांपुढे चर्चेस ठेवावा लागतो. 'तू तेथे काय बोललीस? का बोललीस? तिने काय सांगितले आणि तू काय ऐकलेस?' अशी उलटतपासणी होते. चाळीस वर्षांच्या मंडळाच्या कामात माझी अशी तपासणी कोणी केली असती, तर मी किती प्रश्नांत उत्तीर्ण झालो असतो, देव जाणे!

या शिक्षणाने समाजाला काय दिले, हेही सांगितले पाहिजे. छळ झालेल्या स्त्रियांची दाद पोलीस ठाण्यातच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी ऐकावी, यासाठी १९८४ मध्ये मुंबई पोलिसांकडे विशेष कक्ष सुरू झाला, तो टाटा संस्थेच्या पुढाकाराने. संकटातील बालकांसाठी १०९८ या क्रमांकाची दूरध्वनी सेवा १९९६ मध्ये मुंबईतच, त्याच संस्थेच्या क्षेत्रकार्यातून निघाली व देशभर पसरली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने संरक्षण अधिकाऱ्याचे पद निर्माण केले. शासकीय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. औषधाची चिठ्ठी हाती घेऊन भांबावलेल्या खेडुताला ते आधार असतात.

पालकांपासून अडचणीही लपवू नयेत. या क्षेत्रातील आरंभीचे वेतन बहुधा बेताचे असते. पुष्कळ जागा कंत्राटी असतात. वरच्या पदांसाठी बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण मागतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर पदवीच्या रचनेत बदल होत आहेत, म्हणून प्रवेशापूर्वी महाविद्यालयात नीट चौकशी करावी. ज्यास केवळ शीघ्र धनप्राप्ती हवी, त्याने या मार्गास लागू नये. परंतु ज्या मुलीस हे शिक्षण हवे आहे, तिला 'यात काय शिकायचे?' असे म्हणून परत फिरवू नये, एवढीच माझी विनवणी.

आता आपल्या मंडळाविषयी. जातीच्या संघटनांनी महाराष्ट्रात शिक्षणाचे मोठे कार्य केले आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली. वसतिगृह एका समाजाचे असे; परंतु तेथून शिकून बाहेर पडलेला वकील साऱ्यांची वकिली करी आणि शिक्षक साऱ्यांची मुले शिकवी. आपले मंडळ हे असेच एक दार आहे. घरातून जगात जाण्यासाठी दार असते. आतून कडी लावण्यासाठीच केवळ नसते. मंडळाच्या बैठकीत मी समाजकार्याच्या विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती द्यावी असे सुचविले, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "ती पोरगी उद्या दुसऱ्यांच्याच वस्त्यांत काम करील. त्यात आपल्या समाजाचा काय फायदा?" प्रश्न प्रामाणिक होता. त्याचे उत्तर माझ्याआधी त्या मुलीनेच दिले.

कारण वाचकांच्या ध्यानी आले असेलच, त्या मुलीने प्रवेश घेतला. जगनाडे चौकापर्यंत पायी जाऊन ती बस धरते आणि सायंकाळी परतल्यावर अहवाल लिहीत बसते. गेल्या वर्षी मंडळाच्या शिष्यवृत्तीचे अर्ज लावण्यास ती आम्हांस मदत करीत होती. यादी पाहून ती म्हणाली, "गुरुजी, ज्यांनी अर्ज केले त्यांची ही यादी झाली. ज्यांनी केले नाहीत त्यांची यादी कोठे आहे?"

आमच्यापैकी कोणाजवळही ती नव्हती. इतक्या वर्षांत आम्ही ती कधी केलीच नव्हती. गुणवंतांचा सत्कार आम्ही थाटाने करीत आलो. परंतु नववीत शाळा सोडलेली मुलगी सत्काराच्या सभेस येत नाही. म्हणून ती आम्हांस दिसत नाही. त्यानंतर आम्ही चार जण तिच्यासह नंदनवन, हसनबाग, सक्करदरा या भागांतील आपल्या घरांतून हिंडलो. काही घरी मंडळ शिष्यवृत्ती देते हेच ठाऊक नव्हते. एका घरी अर्ज नेऊन ठेवला होता, पण उत्पन्नाच्या दाखल्यापाशी गाडी अडली होती. एका विधवा भगिनीने स्पष्ट सांगितले की, आपली गरिबी चारचौघांत वाचून दाखविली जाईल या भीतीने तिने मुलाचा अर्ज दिला नाही. हे ऐकून मी खाली मान घातली. कारण व्यासपीठावरून ती नावे वाचून दाखविणारा मीच होतो.

त्या ज्येष्ठ सभासदांनीच पुढच्या बैठकीत दोन ठराव मांडले. पहिला, शिष्यवृत्ती यापुढे समारंभात न देता घरी पोहोचती करावी. दुसरा, दरवर्षी समाजकार्य शिकणाऱ्या एका विद्यार्थ्यास मंडळाने साहाय्य करावे. त्याने पुढे कोणत्या वस्तीत काम करावे, याची अट घालावी की नाही, यावर मतभेद झाला व तो मुद्दा यंदाच्या सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. माझे मत मी येथे नोंदवितो : अट घालू नये. त्या मुलाच्या घरी गेलेली विद्यार्थिनीही त्याच्या समाजाची नव्हती आणि माझ्याही नव्हती. आम्हां दोघांचे भले तिनेच केले.

समाजबंधुभगिनींनी या विषयाचा सहृदयतेने विचार करावा, सभेस अगत्याने उपस्थित राहावे आणि येताना आपल्या गल्लीत ज्या घरातून कोणी अर्ज केला नाही, त्या घराचे नाव एका कागदावर लिहून आणावे, हीच नम्र विनंती.